‘मले’चं ‘मला’

गेल्या हिवाळ्यात एक पत्र आलं. राज्यातल्या लहानमोठ्या संग्रहालयांच्या आजी-माजी प्रमुखांनी एके दिवशी एकत्र जमायचं आणि प्रत्येकानं आपल्या लहानपणच्या लोकप्रिय करमणुकीशी असलेलं स्वतःचं नातं दहा मिनिटांत सांगायचं. सिनेमा, रेडिओ, नाटक, काहीही चालेल. सोबत एखादी वस्तू आणायची. जन्मभर मेलेल्या माणसांच्या भांड्याकुंड्यांवर नंबर टाकत बसलेल्या आम्हा लोकांनाही कधीतरी शिट्टी मारावीशी वाटली होती, हे जगाला दाखवायची कोण्या उत्साही तरुणाची कल्पना असणार. चंद्रपूरच्या माझ्या त्या दोन खोल्यांच्या संग्रहालयातून मी निवृत्त झाले त्याला बरेच दिवस झाले. तिथं भंगलेल्या मूर्ती होत्या, गोंडी दागिने होते, दगड झालेलं लाकूड होतं. माझं म्हणावं असं काही नव्हतं. पत्र वाचून मी घरभर शोधलं आणि मग स्वतःवरच चिडले, कारण काय शोधते आहे ते मला ठाऊक होतं आणि ते घरात नाही हेही ठाऊक होतं. माझ्याकडे वस्तू नव्हतीच. एक वाक्य होतं, आणि तेही दुसऱ्याकडून घेतलेलं.

आमचं घर गडचिरोलीकडच्या वडशाला, धानाच्या गिरणीच्या मागच्या ओळीत. गिरणी सुरू झाली की घरातली भांडी फळीवर थरथरायची आणि बंद झाली की कान दुखायचे. कोंडा सगळीकडे असायचा, अंथरुणात, केसांत, डाळीच्या डब्यात. आई त्याच गिरणीत तांदूळ पाखडायला जायची आणि संध्याकाळी आली की आधी डोक्याचं फडकं अंगणात झटकायची. त्या फटक्यावरून आम्हाला ती आल्याचं कळायचं. दिवाळी सरली की वडशाची हवाच बदलायची. नाटक कंपन्यांच्या खोल्या उघडायच्या, छापखान्याचं पायानं चालवायचं मशीन दिवसभर खडखड करायचं, ओल्या शाईची पोस्टरं दोऱ्यांवर वाळत पडायची आणि भोंगा बांधलेली जीप कोण्या तरी गावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाव घेत गल्लीतून जायची. आणि या सगळ्याच्या आधी, भल्या पहाटे, आमच्या मोरीत बाबांच्या गुळण्यांचा आवाज. कोमट पाणी, मीठ, हळद. घशाची इतकी काळजी घेणारा माणूस मी पुढे गायकांतही पाहिला नाही. दिवसभर मात्र गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आई म्हणायची, “घसा धुता कायले? घाण कराले?” बाबा हसायचे आणि ताटावर बसायचे. ताटात भात, लाखोळीची डाळ, थंडीच्या दिवसांत पोपटाच्या शेंगांची भाजी वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून. तेवढ्यात ते तृप्त असायचे.

बाबा, म्हणजे तुळशीराम, किसनभाऊंच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. किसनभाऊ कंपनीचे मालकही आणि नायकही. आमच्याकडे नाटक म्हणजे नट पाठ करून येतो असं नसतं. हंगामात रोज नवं गाव, कधी रोज नवं नाटक. पाठ करणार कधी? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, आधी तो बोलतो, मग नट बोलतो. राजाचं तोच बोलतो, राणीचं तोच, खलनायकाचं तोच, म्हातारीचं तोच. नटाला नुसते शब्द पुरत नाहीत, सूरही तिथूनच लागतो. बाबा हळू म्हणाले की किसनभाऊ हळू म्हणायचे, बाबांचा आवाज कापला की किसनभाऊंच्या डोळ्यांत पाणी. हजार-हजार माणसं जमिनीत खोदलेल्या उतारावर भाताचं तणस टाकून बसलेली असायची, त्यांना किसनभाऊ दिसायचे. बाबा कोणालाच दिसायचे नाहीत. मला लहानपणी याचा राग यायचा. बाबांना कधी आल्याचं आठवत नाही.

त्यांचा एकच कडक नियम होता. घरी आम्ही सगळे ‘मले’, ‘तुले’ म्हणत होतो, ते स्वतः म्हणत होते, किसनभाऊ तर जन्मात दुसरं बोलले नाहीत. पण मंचावर नायकानं ‘मला’ म्हणायचं. ‘मले’ फक्त विनोदी पात्राचं. किसनभाऊ रंगात आले की घसरायचे. बाप मेल्याच्या प्रसंगात एकदा त्यांनी ‘मले सोडून गेला’ म्हटलं आणि अख्खा मंडप फिदीफिदी हसला. तेव्हापासून बाबा काटेकोर झाले. “लिवणारा चुकते, नट चुकते, पण प्रॉम्प्टरनं चुकाचं नाई,” ते मला शिकवायचे. “आपल्या कानाले ‘मले’ आलं, तरी तोंडातून ‘मला’ गेलं पाह्यजे. समजलं का?” मी चुकले की टपली बसायची. पैज लावल्यासारखा खेळच होता तो आमचा. ते जेवता जेवता म्हणायचे, “मले मीठ दे,” आणि मी मीठ देण्याआधी नायकाच्या ऐटीत म्हणायची, “मला मीठ दे!” आई कपाळाला हात लावायची. “बापलेक येडे झाले,” म्हणायची.

मी आठवी-नववीत असेन तेव्हा त्यांचा आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं. गिळताना मान एका बाजूला वळवायचे. भात सुटला, पेज सुरू झाली, आणि कोणी विचारलं तर “उपास आहे जी” म्हणायचे. बारा महिने कसला उपास, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. खरं काय ते घरात आम्हा तिघांना कळत होतं आणि तिघंही बोलत नव्हतो. कंपनीला कळलं असतं तर बाबांना घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसलेले बाबा आम्हाला कल्पनेतही दिसत नव्हते. त्यांच्याजवळ आवाजाशिवाय होतं काय? म्हणून त्या हंगामात त्यांनी मला सोबत घेतलं. आई आडवी आली. “पोट्टीले नाटकात नेता का? लोक काय म्हणतीन?”

“विंगेत बसन. कोनाले दिसन ते?” बाबा कुजबुजले. तेव्हा ते कुजबुजतच होते.

पद्धत अशी ठरली की ते माझ्या कानात म्हणणार आणि मी ते आवाज लावून नटाला देणार. वही मांडीवर असायची, पण ती नुसती नमस्कारापुरती. वर्षानुवर्षं गावागावात केलेले बदल, कापलेलं, वाढवलेलं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. वहीतलं नाटक आणि मंचावरचं नाटक यांचा फारसा संबंध उरला नव्हता. त्यामुळे मला वाचून काही करता येत नव्हतं. त्यांचे ओठ माझ्या कानाशी, हळदीचा आणि खर्ऱ्याचा मिळून एक वास, आणि माझं तोंड मंचाकडे. “पोटातून काहाड आवाज,” ते म्हणायचे, आणि पहिल्याच दिवशी मी तेही मोठ्यानं म्हणून टाकलं. नशीब, तेव्हा मंचावर विनोदी पात्र होतं, त्यानं निभावून नेलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर मी शिकले. कानात येईल ते तोंडातून जाऊ द्यायचं, मध्ये डोकं लावायचं नाही. एका महिन्यात मी एवढी सराईत झाले की ऐकते आहे याचंही भान राहत नव्हतं. किसनभाऊंना कळलं नसेल असं मला आज वाटत नाही. ते एकदा फक्त म्हणाले, “तुळशीभाऊ, यंदा तुमचा आवाज लय गोड झाला जी,” आणि दुसरीकडे पाहत निघून गेले. त्यांचे हे उपकार मी मानते. पुढे त्यांचा राग केला, तरीही मानते.

ते गाव वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाला लागून. मंडईचं नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे, लेकीजावई, जुळणारी लग्नं, चुलीवर वडे. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या म्हातारीनं बाबांसाठी मुद्दाम पेज केली आणि त्यांनी अर्धी वाटीही घेतली नाही. त्या दिवशी ते खुणांनीच जास्त बोलत होते. नाटक होतं एका म्हाताऱ्या बापाचं. मुलगा त्याला शहरातल्या बंगल्यात नेऊन ठेवतो आणि तिथं तो झुरून मरतो, एवढीच गोष्ट. किसनभाऊ म्हातारा करायचे. रात्री तीन अंक झाले आणि जनरेटर बंद पडला. मिस्त्री शोधायला माणूस गेला तो आलाच नाही. गावकरी म्हणाले, शेवटचा अंक पाहिल्याशिवाय कंपनीला हलू देणार नाही, ऊन पडलं तरी चालेल. लोक तणसावर तिथंच झोपले. सकाळी चहा झाला, बाया पोरांना न्हाऊमाखू घालून परत आल्या आणि उजेडात, माईकशिवाय, शेवटचा अंक सुरू झाला.

दिवसा नाटक फार केविलवाणं दिसतं. किसनभाऊंची पिठानं पांढरी केलेली दाढी घामानं ओघळत होती, बंगला म्हणजे रंगवलेलं कापड आहे हे पोराटोरांनाही दिसत होतं, आणि उन्हानं आमच्या विंगेचा पडदा इतका पारदर्शक झाला होता की त्यामागची आमची दोन डोकी लोकांना सावलीत स्पष्ट दिसत असणार. माईक नव्हता म्हणून मला नेहमीपेक्षा जोर लावावा लागत होता आणि बाबांचा आवाज नेहमीपेक्षा खोल गेला होता. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. तो गरम होता. मी ते नोंदवलं आणि पुढे गेले, कारण मरणाचा प्रसंग आला होता आणि त्या प्रसंगाची मला भीती वाटायची. त्यात म्हाताऱ्याला लांबलचक भाषण होतं, मुलाला क्षमा करण्याचं. म्हाताऱ्याची मुलगी पलंगाशी बसलेली. किसनभाऊंनी डोळे मिटले, श्वास ओढला आणि वाट पाहत थांबले. मीही थांबले. कानात काही येईना. मग आलं.

“पोरी, मले घरी ने.”

मला वाटलं, नवं वाक्य. बाबा गाव पाहून असं काही काही घालायचे. ‘मले’ ऐकलं, ते मी नक्की ऐकलं, आणि मनात म्हटलं, बघा, आज यांचीच चूक झाली, थकलेत. इतकंच. मी ते सुधारलं. पोटातून आवाज काढला आणि पलंगाकडे वाक्य दिलं, “पोरी, मला घरी ने.”

किसनभाऊंनी डोळे उघडले. ते वाक्य त्यांनाही नवं होतं. त्यांनी पलंगाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि बाबांच्या सुरात, माझ्यातून गेलेल्या तंतोतंत त्या सुरात, म्हटलं, “पोरी, मला घरी ने.” मग एका बाईनं हंबरडा फोडला. तिच्यामागे सगळ्या. पुरुष उपरण्यानं डोळे पुसत होते, आणि मग टाळ्या, आणि मागून आरोळी, “वन्स मोअर!” आमच्याकडे मरणालाही वन्स मोअर मिळतो. किसनभाऊ पुन्हा पलंगावर आडवे झाले आणि मान विंगेकडे वळवली. बाबांनी माझं मनगट दाबलं. मला ती शाबासकी वाटली. कसं सांगू किती आनंद झाला होता मला त्या क्षणी! मी दुसऱ्यांदा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. पुन्हा रडारड, पुन्हा टाळ्या. नंतरच्या भाषणासाठी मी कान पुढे केला तर त्यात काहीच येईना. मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला होता आणि सदऱ्यावर उतरला होता, आणि मला वाटतं तो बराच आधीपासून उतरत होता.

भाषण झालंच नाही. किसनभाऊ तेवढ्यावरच मेले आणि पडदा पडला. लोकांना तेच बरोबर वाटलं.

जीप मिळेपर्यंत दुपार झाली. वाटेत मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सारखी म्हणत होते, “बाबा, घरी जाऊन राह्यलो ना आपण, घरीच जाऊन राह्यलो.” त्या दिवसानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. नागपूरच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडलं, त्यातून शिट्टीसारखा श्वास यायचा. पण ते जगले, उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा. म्हणजे तोंडानं त्यांनी जे शेवटचं म्हटलं ते नाटकातलं नव्हतं, मला म्हटलेलं होतं. नाटकातलं असतं तर त्यात ‘मला’ असतं. इतकी साधी खूण होती. सगळ्या वडशात ती ओळखू शकेल अशी एकच मुलगी होती, त्यांनी स्वतः घडवलेली, आणि तिनं ओळखली, आणि चूक समजून दुरुस्त केली.

उन्हाळ्यात किसनभाऊ घरी आले. नव्या प्रॉम्प्टरला वही हवी होती, बाबांच्या डोक्यातली. ओशाळून बसले होते. “तुळशीभाऊ, सवडीनं लिवा जी. घाई नाई.” आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, “अन् ते घरी न्याचं वाक्य घालजा. त्याच्यावर तर नाटक चालून राह्यलं आता.”

आई चुलीपाशी होती. तिला त्या वाक्याचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, बाबा सांगू शकत नव्हते.

बाबा रोज दुपारी ओसरीवर बसून लिहायचे. गिरणीच्या थरथरीनं दौत हलायची, ते डाव्या हातानं धरून ठेवायचे. पानामागून पान, मोत्यासारखं अक्षर. मी बाहेरून आले की आधी वही उघडून ते कुठवर पोचले ते पाहायची. शेवटचा अंक जवळ येत गेला तशी माझी झोप उडाली. मला एकच पाहायचं होतं. ते ‘मले’ लिहिणार की ‘मला’? ‘मले’ लिहिलं तर ते माझ्यावर रागावले आहेत, आणि मला तो राग हवा होता. पाय धरता आले असते, काही बोलता आलं असतं. एके दिवशी ते पान आलं. म्हातारा पलंगावर. मुलगी उशाशी. आणि पुढे, तशाच सुंदर अक्षरात, ‘पोरी, मला घरी ने.’ शेजारी, नव्या प्रॉम्प्टरसाठी लाल शाईत सूचना. ‘थांबा. टाळी.’

मी वहीतून वर पाहिलं. ते दौतीचं झाकण लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वही किसनभाऊंनी नेली. कंपनी पुढे मोडली, पेटारा रद्दीत गेला की वाळवीनं खाल्ला, कोणाला पत्ता नाही. मी चंद्रपूरला मोठ्या खुर्चीवर बसले होते, माणसं पाठवून दगड गोळा करत होते. एक माणूस वडशाला पाठवायला मला काहीच अवघड नव्हतं. पाठवला नाही. ते लाल अक्षर पुन्हा पाहायची हिंमत नव्हती, हे आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही. वाक्य मात्र मेलं नाही. दुसऱ्या कंपन्यांनी उचललं, दुसऱ्या नाटकांत गेलं. मंडईत पोरं एकमेकांना चिडवताना म्हणायची, दारू प्यायलेले गडी म्हणायचे. हल्ली मोबाईलवर कोणी कोणी त्याला पेटीचे सूर लावून फिरवतात. परवा गडचिरोलीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या मुलाच्या फोनमधून ते तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा तो हसला. सगळीकडे ‘मला’. माझी दुरुस्ती सगळ्यांनी पाळली.

तर त्या सभेला मी रिकाम्या हातानं गेले. माझ्या आधी एकानं सिनेमाचं पोस्टर उलगडलं, एकीनं रेडिओ आणला होता, एका फार मोठ्या संग्रहालयाच्या फार मोठ्या साहेबांनी शाळेत चोरून वाचलेली चित्रकथा दाखवली आणि सगळे खूश झाले. मी ठरवून गेले होते. आईलाही न सांगितलेलं या अनोळखी माणसांना सांगायचं, आणि ते वाक्य एकदा, निदान एकदा, बाबा म्हणाले तसं मोठ्यानं म्हणायचं. मग त्याचा अर्थ काय होता ते सांगायचं. घरी आरशापुढे म्हणून पाहिलं होतं, जमलं होतं. मी उभी राहिले. गिरणी सांगितली, हळदीच्या गुळण्या सांगितल्या, उन्हातला मंडप सांगितला, मनगटावरचा हात सांगितला. “आणि माझ्या कानात बाबा म्हणाले,” मी म्हटलं, आणि श्वास घेतला, आणि माझ्या तोंडातून आलं, “पोरी, मला घरी ने.”

मी थांबले. म्हणजे चुकलं, पुन्हा म्हणते, असं म्हणायला थांबले होते. पण तेवढ्यात टाळी झाली. सगळे उभे राहिले. पुढच्या रांगेतले ते मोठे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. दहा मिनिटं संपल्याची घंटा त्या टाळ्यांतच वाजून गेली. आयोजक मुलगा धावत माझ्याकडे आला, त्याचेही डोळे ओले होते, आणि माईक माझ्या तोंडाशी धरून म्हणाला, “मॅडम, कॅमेरा दुसरीकडे होता. शेवटचं वाक्य तेवढं परत एकदा घेऊया का?”

मी परत म्हटलं. आधीपेक्षा मोठ्यानं, पोटातून, आणि शुद्ध.